फुकट अकॉर्डियन

केयोन गावात, जिथे खंडभर धावून आलेला हमरस्ता
समुद्रापाशी नाइलाजाने थांबतो,
तिथे माझं दुकान: एक टेबल, चार पेचकस,
आणि चुलीत ओलं लाकूड, पेटण्यापेक्षा धुमसणारंच जास्त.

एर्सीरा ओयार्सो आल्या. लॅपटॉप लोकरीच्या शालीत,
तापाचं पोर आणावं तसा.
"पेन्शनचं पान उघडत नाही. म्हणतं, तुमचा ब्राउझर जुना झालाय.
मी एकाहत्तरची. मला असं तोंडावर
अजून कोणी बोललं नव्हतं."

उघडला, तर खिडकीवर खिडकी:
तुम्ही जिंकलात. तुमच्या संगणकात तेरा विषाणू.
कुपनं, राशिभविष्य, कुठल्यातरी वाळवंटाचं हवामान.
वर पट्ट्यांचे तीन मजले चढलेले,
खाली पान उरलं होतं बोटभर.
बोलावणं एकालाही नव्हतं.
आयत्या बिळात सगळे नागोबा.

"हे कुणी केलं?"
त्यांनी हनुवटीनेच बाहेर दाखवलं.
पिकअपमध्ये एरिबेर्तो, टोपी डोळ्यांवर,
झोपेचं सोंग घेऊन.
"आत येत नाही. म्हणतो, मी हातसुद्धा लावला नाही."

डाउनलोडचा फोल्डर.
अकॉर्डियन शिका फुकट.
अकॉर्डियन शिका फुकट, कंसात एक.
कंसात दोन.
कंसात नऊपर्यंत.
तारखा सगळ्या जूनच्या, वेळ रात्री दोन, सव्वादोन.
उतरवलेलं कुठे जातं ते त्याला कळलं नसणार,
म्हणून पुन्हा उतरवलं, आणि प्रत्येक खेपेला
सोबत एक पाहुणा.

मी काढत गेले. आधी प्रोग्रॅमच्या यादीतून,
मग ब्राउझरला चिकटलेली बांडगुळं,
मग परस्पर बदललेलं पहिलं पान,
मग कचरापेटी. ती रिकामी करायला लोक विसरतात
आणि म्हणतात, काढलं होतं की.

"चोर खिडकी फोडून येत नाही," मी म्हटलं,
"'पुढे, पुढे, पुढे' म्हणत बटणांवरून येतो."
"आमच्याकडे त्याला बसवून मातेसुद्धा पाजतात,"
बाहेर बघत त्या म्हणाल्या.

तळाशी एक फाइल राहिली. ध्वनिमुद्रण चार. चाळीस सेकंद.
तीही घाणच असेल म्हणून दाबली.
भात्याने श्वास घेतला. एक वॉल्ट्झ, चाचपडत,
एकाच पायरीवर तीनदा ठेच.
मागे कुत्रा.
मग हळूच घातलेली एक शिवी.

शालीची घडी अर्धीच राहिली.
"लाकडांच्या खोपटात," एर्सीरा म्हणाल्या.
"आणि मला वाटत होतं, दारू."

"काढू?"

चूल धुमसली.
"नको. होती तिथेच ठेव. नावही बदलू नकोस.
त्याला सापडली पाहिजे,
आणि मी ऐकलीय हे कळता कामा नये.
सप्टेंबरात पन्नास वर्षं होतात. गाढव कुठला."

मग ब्राउझर अपडेटला लावला. कितीतरी आवृत्त्या मागे पडलेला.
गोल फिरत बसलं; इथलं इंटरनेट वाऱ्याच्या मर्जीवर.
"एकदा केलं की झालं ना?"
"नाही. पुन्हा पुन्हा. तो स्वतःच विचारील,
तुम्ही फक्त 'नंतर' दाबू नका."
"म्हणजे नावच की," त्या म्हणाल्या.
"दर हिवाळ्यात फटींत अलेर्सेची साल ठोकायची.
माझा बाप म्हणायचा,
आळशाची नाव पाण्याला लांबून ओळखू येते."

बंद झाला, उघडला.
पेन्शनचं पान आलं.
आकडा मात्र तोच, त्यात काही सुधारणा नव्हती.

मला अर्धं पोतं जांभळे बटाटे मिळाले.
बाहेर त्यांनी पिकअपच्या काचेवर टकटक केली,
आणि तो जरा जास्तच चटकन जागा झाला.
काहीतरी विचारलं त्याने. मला ऐकू आलं नाही.
ती शाल सारखी करत, दुसरीकडे बघत बोलली.
सगळं काढलं, असंच सांगितलं असणार.